काही जाणवतंय का?

जुळण्याच्या बाबतीत नडगीचं हाड मोठं हट्टी. पुढच्या बाजूला ते जवळजवळ कातडीला टेकलेलं असतं, वर मांस नाही, आणि घोट्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात रक्तपुरवठाही बेताचाच. माझं नेमकं तिथेच मोडलं. दुचाकी घसरली, पाय खाली आला, त्याच रात्री हाडाच्या पोकळीत रॉड आणि वर-खाली स्क्रू. इथपर्यंतची हकिगत पाय मोडलेल्या कुणाचीही असते तशीच आहे, म्हणून ती सोडून देते. माझं वेगळं सुरू झालं ते नंतर, प्रत्येक नव्या एक्स-रेमध्ये तीच काळी रेघ तशीच दिसत राहिली तेव्हा.

सुरुवातीला डॉक्टर ‘डिलेड युनियन’, म्हणजे उशिरा जुळणं, म्हणत होते. पुढे कागदावर ‘नॉन-युनियन’, म्हणजे न जुळणं, आलं. मोडून नऊ महिने झालेले असावेत आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याच्या दिशेने काहीच हालचाल दिसू नये, अशी त्याची रूढ व्याख्या आहे आणि मी तिच्यात चपखल बसत होते. कुबडी सुटली नव्हती. पायावर भार टाकला की मोडलेल्या जागी खोलवर ठणका यायचा. बाकी सगळं ठीक. लोकांना वाटायचं, आता ही बरी झाली.

डॉक्टरांनी दोन रस्ते समोर ठेवले. एक म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया: आतला रॉड काढायचा, पोकळी थोडी कोरून रुंद करायची, जाड रॉड बसवायचा, आणि गरज पडली तर कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून भेगेत भरायचं. दुसरा म्हणजे काही महिने पीईएमएफ वापरून बघायचा. विद्युतचुंबकीय लहरी स्पंदनांच्या रूपात सोडणारं एक कॉइल पायाभोवती लावायचं, घरच्या घरी, रोज किमान तीन तास. “याने नाही जमलं तर ऑपरेशन आहेच,” ते म्हणाले. कमरेचं हाड काढल्यावर पायापेक्षा कंबरच जास्त दिवस दुखते, असं मी वॉर्डातल्या शेजारणीकडून ऐकलं होतं. मी दुसऱ्या रस्त्याला लगेच हो म्हणाले.

पण नुसतं हो म्हणून यंत्र मिळत नाही. आधी जंतुसंसर्ग नाही ना हे बघायला रक्ताच्या तपासण्या झाल्या. मग साखर, थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व. तंबाखू, सिगारेट यांबद्दल मला इतक्यांदा आणि इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मीच कंटाळून म्हणाले, अहो, नाही हो! निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे पक्कं ठाऊक असलेलं आहे, म्हणून ती चौकशी. सीटी स्कॅनमध्ये भेगेची रुंदी मोजली गेली. ती सेंटीमीटरहून जास्त भरली असती, किंवा दोन टोकांच्या मध्ये द्रवाची पिशवी धरून खोटा सांधा तयार झाला असता, तर यंत्राचा विषयच संपला असता. रॉड ढिला पडून हाड हलत असेल तरीही नाही. हाड घट्ट धरून ठेवणं हे रॉडचं काम, ते कॉइल करू शकत नाही. माझं ‘ड’ जीवनसत्त्व चांगलंच कमी निघालं आणि त्याच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यंत्र आलं तेव्हा थोडी निराशाच झाली. इतक्या गंभीर चर्चेनंतर काहीतरी भारदस्त येईल असं वाटलं होतं. आलं ते काय, तर तारेच्या वेटोळ्यावर मऊ आवरण चढवलेलं एक वाकवता येणारं कडं, वेल्क्रोचे पट्टे, आणि त्याला जोडलेली हातात मावेल एवढी बॅटरीची डबी. डबीवर छोटा पडदा, एक बटण. ते शिकवायला आलेल्या मुलाने एक्स-रे उजेडाला धरला, माझ्या नडगीवर पेनाने खूण केली आणि कड्याचा मध्य त्या खुणेवर आणला. कपड्यावरून लावलं तरी चालेल म्हणाला, प्लास्टर असलं तरी चाललं असतं. हे क्षेत्र कापड, कातडी, प्लास्टर यांना जुमानत नाही. मग बटण दाबलं. पडद्यावर आकडे उलटे धावायला लागले.

“काही जाणवतंय का?” घरातल्या प्रत्येकाने विचारलं.

काही नाही. ऊब नाही, मुंग्या नाहीत, कंप नाही, आवाज नाही. मी डोळे मिटून, सगळं लक्ष नडगीवर आणून पाहिलं. थोडं काहीतरी वाटल्यासारखं झालं, पण तसं लक्ष मी डाव्या पायावर नेलं तर तिथेही तसंच वाटलं.

फिजिओथेरपीच्या खोलीत महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला हे फार विचित्र जातं. तिथे प्रत्येक यंत्र आपली हजेरी लावतं. टेन्सचे, म्हणजे कातडीवरून सौम्य वीज देणाऱ्या यंत्राचे, चिकट तुकडे लावले की मुंग्या येतात, करंट वाढवला की स्नायू उडतो. अल्ट्रासाउंडची जेल गार लागते, मग हळूच ऊब येते. शॉर्टवेव्ह डायथर्मीची तर छान शेकल्यासारखी ऊब असते. ती मला कधी मिळाली नाही, शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी तिचं कौतुक केलेलं ऐकलं एवढंच. आमच्या फिजिओ मॅडम मला त्या यंत्राच्या जवळही फिरकू देत नसत. शॉर्टवेव्ह सेकंदाला 2 कोटी 71 लाख वेळा थरथरणारी लहर सोडतं, त्यातून ऊतींमध्ये उष्णता तयार होते, आणि आत धातू असेल तर त्याच्याभोवती ती एकवटून भाजू शकतं. मग माझ्या रॉडवर हे नवं कॉइल कसं चालतं? मी हे विचारलं. उत्तर असं की या यंत्राची स्पंदनं इतकी क्षीण आणि इतक्या अंतराअंतराने येतात की त्यांनी काही तापत नाही, आणि रॉडसाठी वापरतात ते टायटॅनियम किंवा वैद्यकीय स्टील चुंबकाला ओढलं जात नाही. म्हणजे दोन्ही यंत्रं विद्युतचुंबकीयच, पण धातू असलेल्या पायावर एक वर्ज्य आणि दुसरं बिनधास्त.

यंत्र खरंच चालतंय का, ही शंका मात्र काही जाईना. ती भाच्याने मिटवली. घरात एक जुना ट्रान्झिस्टर पडून होता. त्याने तो मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि कॉइलजवळ आणला. त्यातून भुंग्यासारखी घरघर सुरू झाली. लांब नेला की बंद, जवळ आणला की पुन्हा. “मावशी, तुझ्या पायात स्टेशन आहे,” तो म्हणाला. मला तेवढं पुरलं. पुढे कितीतरी दिवस मी यंत्र लावल्यावर आधी ट्रान्झिस्टर जवळ धरून ती घरघर ऐकत असे, मगच पुस्तक उघडत असे.

घरघर होते कशामुळे, ते समजलं की बाकीचंही समजतं. कॉइलमधून वीज सतत वाहत नाही, ती झटक्या-झटक्यांनी सोडली जाते. वीज वाढते-घटते तसं भोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढतं-घटतं. आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र जिथून जाईल तिथे विद्युतक्षेत्र उभं करतं. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व. ट्रान्झिस्टरच्या आतल्या तारेत ते उभं राहतं म्हणून घरघर होते, आणि माझ्या ओल्या, क्षारांनी भरलेल्या हाडातही उभं राहतं. ते किती, तर सेंटीमीटरमागे साधारण एक मिलिव्होल्ट. चुंबकीय क्षेत्र एक-दोन मिलिटेस्लाच्या आसपास, म्हणजे एमआरआय यंत्राच्या जवळपास हजारावा भाग. न जाणवण्यात नवल नाही. मज्जातंतूला जाग येईल एवढी ताकदच त्यात नसते.

मग एवढ्याशा विजेने हाडाला काय व्हावं? यात मला सगळ्यात रस वाटला. हाडावर भार पडला की त्यात वीज निर्माण होते, हे फुकादा आणि यासुदा या दोघा जपानी संशोधकांनी 1957 मध्ये मोजून प्रसिद्ध केलं. यासुदा स्वतः हाडांचे डॉक्टर होते. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःला घडवत जातं, हे त्याआधीच माहीत होतं; आता भार आणि घडण यांच्या मध्ये विजेचा दुवा असावा असं दिसू लागलं. जिवंत, ओल्या हाडात ही वीज बरीचशी सूक्ष्म पोकळ्यांतून ढकलल्या जाणाऱ्या क्षारयुक्त द्रवामुळे येते, असं पुढे दिसलं. पण मोडलेल्या पायावर भार टाकता येत नाही, मग ती वीज बाहेरूनच पोहोचवली तर? काहींनी थेट हाडात तारा खुपसून पाहिल्या. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले अँड्र्यू बॅसेट आणि त्यांचे सहकारी यांनी तारांऐवजी कॉइल घेतलं, 1974 मध्ये कुत्र्यांवरचे निष्कर्ष छापले, मग माणसांच्या न जुळलेल्या हाडांकडे वळले. 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली. थोडक्यात, माझ्या पायावरचं हे कडं दिसायला नवं असलं तरी कल्पना चांगली मुरलेली होती.

एवढं वाचून मी खूश झाले होते. मग इंग्लंडमधल्या शेफील्डची गोष्ट वाचनात आली.

तिथल्या डॉक्टरांनी आणि वैद्यकीय भौतिकीवाल्यांनी एक साधा, कठोर प्रश्न विचारला: कॉइल लावलेल्यांची हाडं जुळतात हे ठीक, पण बंद कॉइल लावलं तर? काही रुग्णांना चालू यंत्र दिलं, काहींना दिसायला हुबेहूब पण आतून निकामी. रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1984 साली आलेल्या त्यांच्या अंतरिम निष्कर्षात चालू यंत्रवाल्या 9 जणांपैकी 5 जणांचं हाड जुळलं होतं आणि बंद यंत्रवाल्या 7 जणांपैकीही 5 जणांचं. संख्या छोटी आहे, मान्य. पण बंद यंत्र लावूनही निम्म्याहून जास्त हाडं जुळावीत, याचा अर्थ यंत्रासोबत जे बाकीचं केलं जात होतं, प्लास्टरमध्ये पाय धरून ठेवणं, भार न देणं, त्यानेच बरंचसं साधलं होतं.

ते वाचताना मी कॉइल लावूनच बसले होते. त्या सात जणांच्या जागी बसलेल्या माणसाला कळणार कसं? टेन्सची नक्कल करायला गेलात तर मुंग्या आल्या नाहीत म्हणून रुग्ण एका मिनिटात ओळखेल. हे यंत्र मात्र चालू असो की बंद, पायाला सारखंच. त्याच्याइतकी सोपी नक्कल दुसऱ्या कुठल्या यंत्राची होत नसेल, आणि म्हणूनच त्याची इतकी नेटकी परीक्षा घेता आली.

त्याच गटातले शारार्ड यांनी मोठी चाचणी करून 1990 मध्ये निष्कर्ष छापले, फक्त नडगीच्या उशिरा जुळणाऱ्या हाडांवर. या वेळी चित्र वेगळं होतं: चालू यंत्राच्या 20 जणांपैकी 9 जणांचं हाड जुळलं, बंद यंत्राच्या 25 पैकी 3 जणांचं. नंतरही अशा चाचण्या होत राहिल्या. त्यांतल्या बनावट यंत्राशी तुलना केलेल्या पंधरा चाचण्या एकत्र करून 2016 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात विद्युत उपचाराने एक्स-रेवर न जुळण्याचा धोका 35 टक्क्यांनी कमी झालेला आणि दुखणंही कमी झालेलं दिसलं, पण रोजच्या हालचालीत, कामात फरक मात्र दिसला नाही. ताज्या फ्रॅक्चरवर लगेच लावून बघितलं तर पुढची शस्त्रक्रिया टळते का, याची ऑस्ट्रेलियात चांगली मोठी चाचणी झाली, 2011 मध्ये छापली गेली. तिथे काही उपयोग दिसला नाही.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, “म्हणूनच तुम्हाला पहिल्या महिन्यात दिलं नाही.”

एक गंमत राहिली. शेफील्डच्या त्या 1984 च्या लेखात पहिलं नाव अँथनी बार्कर यांचं आहे. दुसऱ्याच वर्षी, 1985 मध्ये, याच बार्करांनी कॉइल पायावरून काढून डोक्यावर धरलं. क्षेत्र माझ्या यंत्राच्या हजारपट, एक-दीड टेस्लाच्या घरातलं, आणि क्षणाच्या अंशभर टिकणारं. कवटीवर नुसतं कॉइल टेकवलं आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप उडाला. आज नैराश्यासाठी वापरतात त्या टीएमएसची, म्हणजे चुंबकीय स्पंदनांनी मेंदू चेतवण्याच्या उपचाराची, ही सुरुवात. फॅरडेचं तत्त्व तेच, तारेचं वेटोळं तेच, फक्त आता ‘जाणवतंय का’ विचारायची गरज उरली नाही.

रोजच्या तीन तासांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तोच त्यातला त्रास. गोळी घेतली की विसरता येते. इथे पाय लांब करून बसायचं, कडं सरकत नाही ना ते बघायचं, मोबाइल त्याच्या अंगावर ठेवायचा नाही. माझ्या यंत्रात वेळ दोन तुकड्यांत विभागलेली चालत होती, म्हणून निम्मी सकाळी आणि निम्मी झोपताना. लावून झोपलं तर सकाळी कडं घोट्याशी सापडायचं, म्हणून झोपेतला प्रयोग सोडून दिला. यंत्र किती वापरलं याची नोंद ते स्वतःच ठेवतं. प्रत्येक भेटीत डॉक्टर आधी डबीचा पडदा बघत, मग माझा चेहरा. यात अविश्वास नाही; रोज तीन तासांहून कमी वापरणाऱ्यांना गुण बराच कमी येतो असं जुन्या रुग्णांच्या पाहणीत दिसलं आहे. तरी शाळेतली वही तपासायला दिल्यासारखं वाटायचं खरं.

या काळात चुंबकांचा मारा झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण कुठलं ना कुठलं चुंबक सुचवायचा. चुंबकाची गादी, चुंबकाचा गुडघेपट्टा, चुंबकाच्या ग्लासातलं पाणी. “तूही चुंबकच लावतेस ना?” असं विचारलं की मी आधी खूप समजावून सांगायची. गादीतलं चुंबक स्थिर असतं, त्याचं क्षेत्र बदलत नाही, आणि न बदलणाऱ्या क्षेत्राने स्थिर पायात वीज उभी राहत नाही. माझ्या यंत्राचा सगळा भर बदलण्यावर आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत झोप दिसायला लागली की थांबायची. पुढे नुसतंच “नाही, हे वेगळं” म्हणायला शिकले. त्याहून चीड आली ती ‘पीईएमएफ’ हेच नाव लावून डोकेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करणाऱ्या चटयांच्या जाहिरातींची. न जुळलेल्या हाडासाठी मिळालेली मान्यता त्या हळूच सगळ्या शरीरावर पांघरतात. कुठलं स्पंदन, किती ताकदीचं, कशासाठी आणि कुणावर तपासलेलं, यातलं एकही विचारलं की विक्रेता आपल्याला एका सुखी ग्राहकाची गोष्ट सांगतो.

फरक आधी कळला तो दुखण्यात. कुबडीवरचा भार कमी करताना एक दिवस लक्षात आलं की तो खोल ठणका आता येत नाही. मी हे फार मनावर घेतलं नाही, कारण शेफील्डच्या बंद यंत्रवाल्यांनाही असंच वाटलं असणार. एक्स-रेची वाट बघितली. नडगीच्या एक्स-रेमध्ये पुढची, मागची, आतली, बाहेरची अशा चार भिंती बघतात आणि प्रत्येकीला एक ते तीन गुण देतात: कॅलस, म्हणजे भेगेवर धरणारं नवं हाड, नसेल तर एक, कॅलस आहे पण रेघ दिसते तर दोन, रेघ बुजली तर तीन. बारापैकी गुण. यंत्र लागलं तेव्हा माझे सहा होते. पुढच्या एक्स-रेत सात, ज्याला डॉक्टरांनी फारशी किंमत दिली नाही. त्यानंतर मात्र आतल्या आणि मागच्या भिंतीवर ढगासारखं पांढरं धरलं, आणि शेवटी दहा झाले. बाहेरची भिंत अजून थोडी धूसर आहे. मी कुबडीशिवाय चालते, जिना उतरताना कठडा धरते.

“यंत्राने जुळलं?” मी विचारलं.

“यंत्र, ‘ड’ जीवनसत्त्व, तुम्ही हळूहळू वाढवलेला भार, आणि गेलेले महिने,” डॉक्टर म्हणाले. “एकच पाय यंत्रासकट आणि यंत्राशिवाय, दोन्ही प्रकारे जुळवून बघता येत नाही. ऑपरेशन टळलं, एवढं मी लिहून देतो.”

यंत्र बंद केल्याचं कळताच आत्याचा फोन आला. तिचे गुडघे झिजलेत आणि ती ते कडं मागत होती. घरात पडून राहण्यापेक्षा कुणाच्या कामी तरी येईल, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हणाले. एक तर हे यंत्र एका रुग्णाच्या नावावर, ठरावीक काळापुरतं चालवून दिलेलं असतं, आणि गुडघ्याच्या झिजेसाठी ते दिलेलं नाही. दुसरं म्हणजे आत्याच्या छातीत पेसमेकर आहे. बदलत्या क्षेत्राने पेसमेकरच्या कामात गोंधळ होऊ शकतो, आणि तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काहीही तिने अंगाजवळ आणू नये. हे सांगितल्यावर ती जरा रुसली. मग मी तिला आमच्या फिजिओ मॅडमचा नंबर दिला. त्यांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आहेत. ती म्हणते, रोज करते. आतेभाऊ म्हणतो, आठवड्यातून एकदा.